शिक्का कुणाचा, हात कुणाचे?

खडकी बाजार आणि बोपोडी यांच्या मधल्या वस्तीत आम्ही काही जण मिळून एक अभ्यासिका चालवतो. दोन खोल्या, चोवीस खुर्च्या आणि बाबासाहेबांचा एक फोटो. चार-पाच वर्षांपूर्वी तिथे येणाऱ्या पोरांना "काय करतोस?" असे विचारले की ठरलेली उत्तरे यायची. एमपीएससी, पोलीस भरती, रेल्वे, नाहीतर नुसतेच "कंपनीत". हल्ली एक वेगळे उत्तर वारंवार ऐकू येते. "टेस्टिंगला आहे."

हे टेस्टिंग म्हणजे काय, हे आम्हालाही सुरुवातीला नीट कळत नव्हते. समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला कारखाना म्हणजे उत्पादन एवढेच ठाऊक असते. वस्तू बनते, विकली जाते, नफा कुणाच्या खिशात जातो यावर आपण बोलतो. पण बनणे आणि विकणे यांच्या मध्ये एक खोली असते. तिथे त्या वस्तूला तापवतात, थंड करतात, हलवतात, ओढतात, तिच्यावर मिठाचे पाणी फवारतात, धुळीत ठेवतात, आणि शेवटी एका कागदावर लिहितात: पास किंवा फेल. या खोलीचीच आता स्वतंत्र कंपनी झाली आहे. भोसरी, चाकण, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात अशा कितीतरी लॅब उभ्या आहेत आणि त्यात आपली डिप्लोमा झालेली, बी.एस्सी. झालेली पोरे-पोरी रात्रपाळ्या करत आहेत. त्यांच्याबद्दल चळवळीत कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

खडकीच्या माणसाला तपासणी हे काम नवे नाही, आणि नव्याचे दुःख कळायला जुने माहीत असावे लागते. इथली ॲम्युनिशन फॅक्टरी 1869 ची. हाय एक्स्प्लोझिव्ह फॅक्टरी 1940 ची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. रेंजहिल्सच्या क्वार्टर्समध्ये ज्यांचे बालपण गेले, त्यांना पहाटेचा भोंगा आणि फॅक्टरीच्या गेटकडे जाणाऱ्या सायकलींची रांग आठवत असेल. पण फॅक्टरीइतकेच खडकीत आणखी एक खाते होते. जुनी माणसे त्याला अजून "इन्स्पेक्शन" म्हणतात. कागदावर ते गुणवत्ता हमी महासंचालनालय, म्हणजे डीजीक्यूए. दारूगोळ्याच्या गुणवत्तेचे कंट्रोलरेट खडकीतच आहे.

त्या व्यवस्थेचे तत्त्व साधे होते. बनवणारा वेगळा, तपासणारा वेगळा. दारूगोळा लॉटने तयार व्हायचा, त्या लॉटमधून नमुने उचलले जायचे, त्यांची मापे घेतली जायची, काही प्रत्यक्ष फोडून पाहिले जायचे. इन्स्पेक्शनच्या माणसाने पास म्हटल्याशिवाय लॉट फौजेकडे जात नसे. फॅक्टरीचा साहेब कितीही मोठा असो, तपासनीस त्याच्या हाताखालचा नव्हता. आमच्यापैकी एकीचे आजोबा या खात्यात गेज घेऊन बसायचे. सातवी शिकलेला माणूस, पण हजारांश इंचाचा फरक त्यांच्या बोटांना कळायचा असे घरात सांगतात. ते काही फार मोठ्या हुद्द्यावर गेले नाहीत. मात्र त्यांनी बाजूला काढलेली पेटी त्यांच्या साहेबालाही कारण लिहिल्याशिवाय परत आत घेता येत नसे. घरात हे सांगताना आजी पदर सावरून बसते, हे आम्ही पाहिले आहे.

ही नोकरी त्यांना कुणी उपकार म्हणून दिली नव्हती. 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती इंग्रजांनी बंद केली, आणि पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्यांनी अर्जांवर अर्ज केले तरी ते दार नीट उघडायला 1941 साल आणि महार रेजिमेंट उभी राहावी लागली. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. 1943 मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी 8.33 टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उभी राहिली. 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. खडकी, दापोडी, देहूरोड या पट्ट्यात आपली जी पिढी पगारदार झाली, तिच्या पायाखाली हे दगड आहेत. 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी ज्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली, तो देहूरोडही लष्करी डेपोचाच. पगाराचा दिवस आणि विहाराची वर्गणी यांचे नाते आपल्या भागात फार जवळचे आहे.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना माहीत आहे. 1 ऑक्टोबर 2021 ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या. खडकीच्या दोन्ही फॅक्टऱ्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेल्या. त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातला संप बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदाही आला. 2024 मध्ये डीजीक्यूएची पुनर्रचना झाली. कायम भरतीची दारे अरुंद झाली. आजोबा इन्स्पेक्शनमध्ये, वडील फॅक्टरीत, आणि नातू चाकणच्या बाजूला कंत्राटदाराच्या बसने टेस्टिंगला. अभ्यासिकेतल्या बऱ्याच घरांची वंशावळ अशी आहे.

आता नातवाचे काम काय असते ते पाहू.

मिठाच्या फवाऱ्याची चाचणी घ्या. मोठ्या झाकणाची एक पेटी असते. आत पाच टक्के मिठाच्या पाण्याचे धुके आणि 35 अंश तापमान. धातूचे भाग त्यात टांगून ठेवायचे आणि गंज कधी येतो ते पाहायचे. कुठल्या भागाला 240 तास, कुठल्याला 480, कुठल्याला 720. 480 तास म्हणजे सलग 20 दिवस. पेटीत ठेवलेल्या नरसाळ्यांतून किती पाणी जमले, त्याचा पीएच किती, तापमान हलले का, लाइट गेली असेल तर किती मिनिटे, सगळे वहीत. झाकण उघडले की खारट वाफ थेट नाकात जाते. धूळ चाचणीच्या पेटीत टाल्कम पावडरसारखी बारीक भुकटी आठ-आठ तास घुमवतात आणि दिवा किंवा स्विचच्या आत ती शिरली का ते पाहतात. ती पेटी साफ कुणीतरी करायची असते. कंपन चाचणीच्या टेबलाजवळ कानात बोळे घालूनही डोके भणभणते. एक पोरगी तीन महिने एकच काम करत होती. गाडीच्या दरवाजाची कडी मशीन उघडते आणि मिटते, दर ठरावीक फेऱ्यांनंतर थांबवून तिने ताण मोजायचा. लाखभर वेळा. "ताई, स्वप्नात पण खटक-खटक ऐकू येतं," म्हणाली.

तरीही या कामाबद्दल या पोरांच्या बोलण्यात एक वेगळी चमक असते, आणि ती आम्ही लपवणार नाही. हमाली केलेला मुलगा हमालीबद्दल असे बोलत नाही. एका संध्याकाळी एकाने आम्हाला मापनाची अनिश्चितता समजावून सांगितली. म्हणाला, कुठलेही माप नेमके नसते. चांगला तपासणारा तो, जो आकड्यासोबत तो आकडा किती चुकू शकतो हेही सांगतो. एम.ए.च्या दोन वर्षांत संशोधनपद्धतीच्या तासाला आम्हाला जे कळले नव्हते, ते डिप्लोमावाल्या पोराने वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवले. कालाम सुत्तात केसपुत्तच्या लोकांना बुद्धांनी जे सांगितले, परंपरेने आले म्हणून नको, मोठ्याने सांगितले म्हणून नको, स्वतः पारखून घ्या, त्याच्याशी हे काम नाते सांगते असे आम्हाला वाटले. त्या पोराला हे बोलून दाखवले, तर तो हसला. "पण पारखून मी घेतो आणि सही दुसरा करतो, त्याचं काय?"

आमचा सगळा मुद्दा या प्रश्नात आहे.

रिपोर्टवर ज्याची सही असते त्याने बहुतेक वेळा पेटीचे झाकण उघडलेले नसते. यात स्वतःहून काही गैर नाही, मोठ्या कामात तपासणारा आणि अधिकृत करणारा वेगळे असू शकतात. पण दोन बाजूंना कोण आहे ते बघा. अभ्यासिकेतल्या आणि आसपासच्या वीस-बावीस जणांशी आम्ही बोललो. ते वेगवेगळ्या लॅबमध्ये आहेत, एकमेकांना ओळखतही नाहीत. तरी सांगणे एकाच साच्यातले. पेटी धुणे, भंगार झालेले नमुने उचलणे, रात्रीची रीडिंग, उन्हाळ्यात ओव्हनच्या खोलीत बसणे, हे कंत्राटी पोरांकडे. रिपोर्ट लिहिणे, ग्राहकाशी बोलणे, ऑडिटरसमोर उभे राहणे, हे "चांगले इंग्लिश" असणाऱ्यांकडे. चांगले इंग्लिश कुणाच्या घरात कितव्या पिढीत आले हे सांगायला आम्हाला बोर्द्यू वाचायची गरज नव्हती, वाचला तरी. शिवाय तो नेहमीचा प्रश्न: "बोपोडीत नेमका कुठे राहतोस?" पत्ता विचारायचा आणि जात समजून घ्यायची, ही पुण्याची जुनी पद्धत.

कुणी म्हणेल, हा गुणवत्तेचा प्रश्न आहे, जातीचा नाही. यावर एक चाचणी झालेली आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटेवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले आणि 2007 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष मांडले. दलित आडनावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्याचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांशच निघाली. नमुना तोच, परिस्थिती तीच, फक्त लेबल बदलले. टेस्टिंगमधल्या कुठल्याही पोराला विचारा, यात दोष नमुन्यात आहे की तपासणाऱ्या यंत्रात, तो लगेच सांगेल.

ही विभागणी आम्हाला फार ओळखीची वाटते. गावगाड्यात शिवेचा तंटा झाला की महाराला बोलवायचे. शीव कुठून जाते हे त्यालाच माहीत, त्याचा शब्द प्रमाण. पण दप्तर कुलकर्ण्याकडे. माहिती आपली, कागद त्यांचा. वतनाच्या नावाखाली चाललेली ही वेठ मोडायला बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात बिल आणले होते. 'जातिनिर्मूलना'त त्यांनी दाखवून दिले की जात कामे वाटत नाही, कामे करणाऱ्या माणसांनाच वरच्या-खालच्या कप्प्यांत बंद करते. वातानुकूलित लॅबमध्ये, संगणकावर, पांढऱ्या कोटात तेच कप्पे पुन्हा कसे उभे राहतात, हे शिकलेल्या पोरांनी ओळखायला हवे.

आता एक प्रसंग, जो आम्हाला अजून बोचतो. कंपनीचे नाव लिहिणार नाही, कारण पोराचे नुकसान व्हायला नको.

दुचाकीच्या ब्रेकजवळचा एक छोटा भाग 480 तासांच्या फवाऱ्याला लावलेला होता. 17 दिवस पूर्ण झाले, म्हणजे 408 तास. रात्रपाळी संपताना आमच्या पोराने झाकण उघडले तर दोन तुकड्यांवर लाल गंज. त्याने वेळ लिहिली, फोटो काढला, वहीत नोंद केली. सकाळी वरिष्ठ आला. म्हणाला, डाग असेल, पुसून बघ. पुसून गेला नाही. मग म्हणाला, तू घरी जा. दुसऱ्या रात्री पोरगा कामावर आला तेव्हा त्या चाचणीचा नोंदतक्ता नवा होता. 408 तासांच्या पुढे "गंज नाही" असे लिहिलेले. आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात त्याच्याच नावाची दोन अक्षरे. त्याने न केलेली सही.

तो अभ्यासिकेत आला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. "ताई, ती सही माझी नाही. पण कुणी विचारलं तर माझीच आहे."

इथे आमचा सोपा युक्तिवाद मोडला. तोपर्यंत आम्ही म्हणत होतो की कंत्राटी पोराचे नाव कागदावर आले पाहिजे. त्याचे नाव तर आले होते. श्रेय द्यायचे असते तेव्हा गाळले जाणारे नाव दोष ठेवायची वेळ आली की बरोबर सापडते. उद्या तो भाग रस्त्यावर तुटला आणि चौकशी झाली, तर वहीत 408 तासांपुढे कुणाचे नाव असेल? रिपोर्टवर सही करणारा म्हणेल, मला जे आकडे मिळाले त्यावर मी सही केली.

आम्ही त्याला म्हटले, लेखी कळव. मेल कर, फोटो जोड. तो गप्प बसला. बहिणीची नर्सिंगची फी, घराचा हप्ता, कंत्राटदाराकडे नेमणुकीचा कागदही नाही. शेवटी त्याने मेल केला नाही. फक्त वरिष्ठाला तोंडी सांगितले की माझी सही मीच करणार. पुढच्या महिन्यात कंत्राटदाराने "काम कमी झालंय" असे सांगून त्याला थांबवले. आता तो दुसऱ्या लॅबमध्ये आहे, पगार थोडा कमी. आमचा सल्ला चुकीचा नव्हता, पण तो देताना आमच्या खिशातून काहीच जात नव्हते, हे मान्य केले पाहिजे. कार्यकर्त्यांनी हे विसरू नये. धाडसाचा खर्च कोण भरणार हे आधी ठरवायचे आणि मग धाडस सांगायचे.

म्हणून नंतर आम्ही बसून नियम वाचले. चाचणी प्रयोगशाळांना एनएबीएल मान्यता देते ती आयएसओ 17025 या मानकाच्या आधारे, आणि त्याची 2017 ची आवृत्ती सध्या चालते. ते वाचताना आम्हाला आश्चर्य वाटले. प्रत्येक कामाच्या तांत्रिक नोंदीत तारीख, ते काम कुणी केले आणि आकडे कुणी तपासले, हे आलेच पाहिजे असे त्यात स्पष्ट आहे. नोंद दुरुस्त केली तर मूळ नोंद जपून ठेवायची, बदल कधी केला आणि कुणी केला तेही लिहायचे. व्यापारी किंवा आर्थिक दबावाखाली निष्पक्षपणा ढळू द्यायचा नाही, ही जबाबदारी प्रयोगशाळेची. कामावरच्या माणसाचे शिक्षण, प्रशिक्षण, त्याला कुठल्या चाचणीचा अधिकार दिला आहे, याच्या नोंदी ठेवायच्या. म्हणजे आमचा पोरगा जे मागत होता ते बंड नव्हते. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या प्रमाणपत्राची ती अट होती. आणि एनएबीएलकडे लॅबविरुद्ध तक्रार करता येते, हे त्या लॅबमधल्या एकाही कंत्राटी पोराला माहीत नव्हते. कसे असणार? मूल्यांकनाला बाहेरची माणसे येतात त्या दिवशी यांना सुट्टी देतात. "त्या दिवशी लॅब एकदम शांत असते म्हणे," एक जण म्हणाला. ऐकीव, कारण तो कधी तिथे नसतो.

दुसरा कायदा शिकाऊ उमेदवारांचा, आणि इथे आम्हाला आपल्याच चळवळीला प्रश्न विचारायचा आहे. खासगी क्षेत्रात आरक्षण हवे, हा फलक आपण किती वर्षे धरतो आहोत? योग्यच आहे ती मागणी. पण शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चे कलम 3अ आपल्यापैकी किती जणांनी वाचले? निर्दिष्ट व्यवसायांमध्ये शिकाऊ उमेदवारांच्या जागा मालकाने अनुसूचित जाती आणि जमातींसाठी राखून ठेवायच्या, असे ते कलम सांगते. "मालकाने". त्यात खासगी मालक आला. तीस आणि त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. म्हणजे खासगी कारखान्याच्या दारात, अगदी पहिल्या पायरीवर का होईना, आरक्षण कायद्याने आलेले आहे. त्याचा हिशेब कुणी मागत नाही, म्हणून कुणी देत नाही.

अर्थात पळवाट आहेच. 2014 च्या दुरुस्तीने 'ऐच्छिक व्यवसाय' हा प्रकार आणला, ज्याचा अभ्यासक्रम मालकच ठरवतो. आणि 3अ बोलते ते निर्दिष्ट व्यवसायांबद्दल. शिवाय कित्येक कंपन्या कायद्याच्या बाहेरच 'ट्रेनी' नावाने पोरे घेतात. ट्रेनी म्हणजे काय ते कुठल्याच कागदावर नसते. अप्रेंटिसला निदान कायद्याचे छत आहे. तो कामगार मानला जात नाही हे खरे, पण त्याच कायद्याच्या कलम 14 प्रमाणे आरोग्य आणि सुरक्षेच्या तरतुदी त्याला लागू होतात आणि कलम 16 प्रमाणे इजा झाली तर भरपाई मागता येते. खारट वाफेने छाती भरलेल्या पोराला "तू तर ट्रेनी" म्हणणाऱ्याला विचारायचे, कागद दाखवा, कुठल्या कायद्याखाली ट्रेनी?

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्याविषयी आमचे मत चांगले नाही. 50 किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तरच कंत्राटी कामगारांची तरतूद लागू, ही मर्यादा छोट्या लॅबना मोकळे रान देते. पण त्याच संहितेत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे सक्तीचे आहे, आणि आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी माणसे लावायला, अपवाद वगळता, मनाई आहे. टेस्टिंग कंपनीचे मुख्य काम टेस्टिंग नाही तर काय? कॅन्टीन आणि वॉचमन कंत्राटी असणे समजते, पेटीचे झाकण उघडणारा हात कंत्राटी कसा? हा वाद कुठल्या तरी कामगार कार्यालयात कुणीतरी उभा करायला हवा. वाईट कायद्यातला चांगला खिळा उपसून वापरायचा, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे. सायमन कमिशनपुढे साक्ष द्यायला ते गेले तेव्हा त्यांना देशद्रोही म्हणणारे कमी नव्हते.

काही मित्रांना हा सगळा खटाटोप किरकोळ वाटतो. एकाने तोंडावर सांगितले, "चळवळ सत्तेची आहे, गंजाची नाही." ॲट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, राजकारण हे मोठे प्रश्न आहेत आणि त्यांवर आम्हीही रस्त्यावर असतो. पण पोरगा दिवसाचे बारा तास जिथे असतो तिथली सत्ता आम्हाला दिसत नसेल तर कुठली दिसणार? पास की फेल हे ठरवण्याचा अधिकार ही सत्ताच आहे. आजोबांच्या हातात ती गेजएवढी होती. नातवाच्या हातात मोजायचे यंत्र कितीतरी भारी आहे आणि अधिकार शून्य.

आणखी एक. आपल्या घरांतही या कामाला मान नाही. "सरकारी लागत नाही तोपर्यंत कर," असे आईवडील म्हणतात, आणि पोरे दोन वर्षे टेस्टिंग, दोन वर्षे क्लास, पुन्हा टेस्टिंग अशी भटकतात. सही करायचा अधिकार मिळवायला त्या-त्या विषयातले शिक्षण आणि सलग अनुभव लागतो. तो जमायच्या आत आपण उठतो. आम्ही कुणाला एमपीएससी सोड असे सांगत नाही, तो अधिकार आम्हाला नाही. पण बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या मुलीने चार वर्षे एकाच शाखेत टिकून रिपोर्टवर सही करणारी होणे, हेही कलेक्टर होण्याइतके नाही तरी तलाठी होण्याइतके तरी मोठे आहे की नाही? 14 एप्रिलला तिचा सत्कार कुठल्या मंडळाने केला?

कडीच्या फेऱ्या मोजणारी ती पोरगी आता रसायन विभागात गेली आहे. मागच्या आठवड्यात आली ती स्वतःची एक डायरी घेऊन. रोजची तारीख, चाचणी, सुरू-बंदची वेळ, आणि खाली स्वतःची पूर्ण सही, आडनावासकट. कंपनीचे आकडे, ग्राहकाचे नाव त्यात नाही, ते बाहेर नेता येत नाही हे तिला माहीत आहे. फक्त आपण कधी, कुठल्या कामावर होतो तेवढे. उद्या तिच्या नावाने खोटे रकाने भरले गेले तर दाखवायला काहीतरी असावे म्हणून. ती पाहून आणखी चौघांनी सुरू केली.

येत्या रविवारी सकाळी दहाला अभ्यासिकेत औंधच्या आयटीआयमध्ये शिकवलेले एक निवृत्त सर अप्रेंटिसचे करार कसे वाचायचे ते सांगणार आहेत. कलम 3अ प्रमाणे आपल्या पट्ट्यातल्या आस्थापनांनी किती जागा भरल्या, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज तिथेच लिहायचा आहे. येताना नेमणुकीचा जो काही कागद असेल तो आणा. ज्यांच्याकडे कागदच नाही त्यांनी कंत्राटदाराच्या पगाराचा बँकेतला मेसेज आणा. त्या पोराला दुपारी दोनची पाळी आहे, तेव्हा साडेबाराच्या आत संपवायचे आहे.